रसद तोडणारे शरीर

मंडळी, पानिपतचा धडा शिकवताना मी वर्गात एक प्रश्न हमखास विचारत असे. लढाई १४ जानेवारी १७६१ ला झाली, पण मराठ्यांचा पराभव सुरू कधी झाला? मुले म्हणत, विश्वासरावांना गोळी लागली तेव्हा. मी म्हणायची, नाही रे बाळांनो, त्याच्या कितीतरी आधी. अब्दाली यमुना उतरून भाऊसाहेब आणि दिल्ली यांच्या मध्ये येऊन बसला, डिसेंबरात गोविंदपंत बुंदेले मारले गेले, रसद तुटली, तेव्हाच. तलवारीने माणसे मरतात ती दिसतात. भुकेने सैन्य मरते ते दिसत नाही, म्हणून पुस्तकात त्याला चारच ओळी मिळतात.

आज जो इतिहास लिहायला बसले आहे, तो आपल्या स्वतःच्या शरीराचा आहे. मी इतिहास-मराठी घेऊन बी.ए. झालेली बाई, शास्त्र मॅट्रिकला सुटले ते सुटलेच. पण पुतण्याची मुलगी मायक्रोबायॉलॉजी शिकते. दिवाळीत ती आली असताना तिने मला एक गोष्ट सांगितली आणि मग मी तिला दोन दिवस सोडलेच नाही. गोष्ट अशी की, जंतू अंगात शिरले की आपले शरीर त्यांच्यावर हल्ला तर करतेच, पण त्याबरोबर ते लोखंड लपवते! शत्रूची रसद तोडते. आणि ही रसद कसली, तर लोह, जस्त, मँगनीज अशा धातूंची.

लोह कशाला हवे असते जंतूला? ज्या कारणासाठी आपल्याला, त्याच कारणासाठी. अन्नातून शक्ती काढायची, नवी पेशी घडवायची, तर जवळजवळ प्रत्येक सजीवाला लोहाचे कण लागतात. मोठ्या माणसाच्या शरीरात सगळे मिळून तीन-चार ग्रॅम लोह असते, म्हणजे एखाददुसऱ्या लहानशा खिळ्याइतके. त्यातले दोनतृतीयांश रक्ताच्या तांबड्या पेशींत कोंडलेले. रक्ताच्या पाण्यात एका वेळी असते ते अवघे तीन-चार मिलिग्रॅम, आणि तेही मोकळे नाही. बँकेची रोकड नेणाऱ्या गाडीसारखे एक प्रथिन ते कुलूप लावून फिरवत असते. त्याचे नाव ट्रान्सफेरिन. एरवी या गाड्या एकतृतीयांशच भरलेल्या असतात. म्हणजे कुठे लोहाचा कण सांडलाच, तर उचलायला रिकाम्या गाड्या हजर.

हे कळायच्या फार आधी एका माणसाला याची चाहूल लागली होती. पॅरिसच्या ओतेल-दिय्य रुग्णालयात आर्माँ त्रूसो नावाचे मोठे नावाजलेले डॉक्टर होते. त्या काळी फिकट पडलेल्या मुलींना सर्रास लोहाच्या गोळ्या देत. आपल्याकडे पांडुरोगाला लोहभस्म आणि मंडूर देत आले, तसेच. त्रूसोही देत. पण १८६० च्या दशकातल्या आपल्या व्याख्यानांत त्यांनी विद्यार्थ्यांना बजावले की, ज्या फिकटपणाच्या आड क्षय दडलेला असण्याची शंका आहे, तिथे लोह देऊ नका. लोहाने रोगी वरवर सुधारेल, पण आत निजलेला रोग जागा होईल. लक्षात घ्या, त्रूसो १८६७ मध्ये वारले आणि कॉखने क्षयाचा जंतू दाखवला १८८२ मध्ये. म्हणजे शत्रू कोण हे ठाऊक नसताना, त्याला कशाने बळ मिळते हे या माणसाने निव्वळ रोगी बघून ताडले होते. पुढे ही सूचना बहुतेक विसरली गेली.

मधली सत्तर-ऐंशी वर्षे सोडून एकदम १९४४ वर येते. दुसरे महायुद्ध चालू होते. न्यूयॉर्कमध्ये आर्थर शेड आणि लिओना कॅरोलिन या दोघांनी अंड्याच्या कच्च्या पांढऱ्या बलकावर प्रयोग केले. अंडे ही खरोखर नवलाची वस्तू आहे. आत पिल्लाला पुरेल एवढे अन्न, वर भोके असलेले पातळ कवच, आणि तरी कोंबडीखाली उबेत ते कुजत नाही. शेड आणि कॅरोलिन यांना दिसले की कच्च्या पांढऱ्यात आमांशाचे जंतू वाढत नाहीत, पू करणारे वाढत नाहीत, यीस्टसुद्धा वाढत नाही. मग त्यांनी त्यात निरनिराळी मूलद्रव्ये घालून पाहिली. कशाने फरक पडेना. लोह घातले मात्र, आणि जंतू माजले! पांढऱ्यात विष होते म्हणून जंतू थांबले होते असे नव्हे, त्यातले एक प्रथिन सगळे लोह धरून बसले होते. अंड्यातले लोह असते ते पिवळ्यात. पांढरे म्हणजे किल्ल्याभोवतीचा ओसाड केलेला मुलूख, जिथे शत्रूच्या घोड्याला गवताची काडी मिळू नये.

दोनच वर्षांनी, १९४६ मध्ये, याच दोघांनी माणसाच्या रक्तातही तसेच लोह धरणारे प्रथिन दाखवले. स्वीडनच्या होल्मबर्ग आणि लॉरेल यांनी १९४७ मध्ये त्याला ट्रान्सफेरिन हे नाव दिले, तेच वर सांगितलेले. त्याचा एक भाऊ आहे लॅक्टोफेरिन. तो अश्रूंत, लाळेत आणि आईच्या दुधात असतो. १९७२ मध्ये बुलेन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी इंग्लंडात दाखवले की आईचे दूध पोटातल्या उपद्रवी जंतूंना आवर घालते, पण त्यात पुरेसे लोह मिसळले की त्याचा हा गुण जातो. बाळंतिणीचे पहिले दूध टाकून देऊ नये असे आपण आता सांगतो. त्या पहिल्या दुधात लॅक्टोफेरिन भरपूर असते, हेही सांगायला हरकत नाही.

इथवर झाली नेहमीच्या पहाऱ्याची गोष्ट. जंतू प्रत्यक्ष आत शिरले की शरीर आणखी कडक होते. अमेरिकेत युटा येथे कार्टराइट आणि विंट्रोब यांनी १९४० च्या दशकात आजारपणातल्या पंडुरोगाचा अभ्यास केला. जंतुसंसर्ग झाला की काही तासांत रक्तातले लोह उतरते. ते शरीराबाहेर जात नाही, यकृतात आणि प्लीहेत कोठारबंद होते. आजार लांबला तर नवे रक्त तयार व्हायलाही लोह पुरत नाही आणि माणूस पांढरा पडतो. घरात धान्य असून कुलूप लावल्यामुळे उपास घडावा, तसे.

हे वाचताना मला माझी धाकटी आत्या आठवली. आठवली म्हणजे काय, मी तिला पाहिलेलेच नाही. माझ्या जन्माआधी दोन वर्षे ती क्षयाने गेली, वय एकोणीस. आमच्या आजीने मरेपर्यंत स्वतःला बोल लावला. 'पोर पांढरीफटक पडत चालली होती गं, आणि मी काय घातलं तिला? ताकभात. आणखी चांगलंचुंगलं घातलं असतं तर राहिली असती.' सात मुलांचे घर, कमावणारा एक. आजीच्या बोलण्यावर कोणी काही बोलत नसे, कारण कोणाकडे उत्तर नव्हते. आज मला वाटते, काही तरी उत्तर देता आले असते. चांगले अन्न क्षयाच्या रोग्याला लागतेच, ते मी नाकारत नाही. पण तो पांढरेपणा एकट्या ताकभाताचा नव्हता. तिच्या शरीराने लढाईसाठी कोठाराला कुलूप लावले होते आणि ते वरून आजीला कसे दिसणार? आमच्या घरातली जी मंडळी हा ब्लॉग वाचतात, त्यांच्यासाठी ही ओळ मुद्दाम लिहिते आहे.

त्या कुलपाची किल्ली कोणाकडे, हे कळायला मात्र एकविसावे शतक उजाडावे लागले. २००० आणि २००१ मध्ये दोन वेगवेगळ्या गटांना एक छोटेसे प्रथिन सापडले. एकाला माणसाच्या रक्तात, दुसऱ्याला लघवीत. ते यकृतात तयार होते आणि जंतूंना मारते असे दिसले म्हणून त्याचे नाव पडले हेप्सिडिन. त्याचे खरे काम निराळे निघाले. लोह पेशीतून बाहेर सोडणारा एक दरवाजा असतो, फेरोपोर्टिन. २००४ मध्ये एलिझाबेटा नेमेथ, टोमास गान्झ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखवले की हेप्सिडिन त्या दरवाजाला चिकटते आणि दरवाजाच मोडीत निघतो. जंतू शिरल्याची वर्दी यकृताला पोचली की हेप्सिडिन वाढते. मग कोठारातले लोह कोठारात आणि आतड्यातले आतड्यात. म्हणूनच ताप अंगात असताना घेतलेली लोहाची गोळी बरीचशी वाया जाते, आतड्यातून पुढे सरकतच नाही.

तापाचाही यात वाटा आहे बरे का. मिशिगनमध्ये मॅथ्यू क्लुगर यांनी १९७९ मध्ये सशांना होणाऱ्या एका जंतूवर प्रयोग केला. नुसती उष्णता वाढवली, जंतू वाढतच राहिला. नुसते लोह कमी केले, तरी वाढतच राहिला. दोन्ही एकदम केले, तेव्हा मात्र त्याची वाढ खुंटली. ताप आणि लोहबंदी ही जोडगोळी आहे.

पण शत्रू काय हात बांधून बसतो? जंतूंनी लोह चोरायची साधने केली आहेत. पुष्कळ जंतू एक बारीक रेणू बाहेर सोडतात. तो ट्रान्सफेरिनच्या हातातून लोह हिसकावतो आणि परत जंतूकडे घेऊन जातो. याला शास्त्रज्ञ सिडरोफोर म्हणतात, ग्रीक भाषेत लोहवाहक. मी त्याला पेंढारी म्हणते. आपले शरीर त्यावरही तोड काढते. २००२ च्या सुमारास कळले की आपल्या पांढऱ्या पेशी असे एक प्रथिन सोडतात, जे या पेंढाऱ्यालाच लुटीसकट पकडते. मग काही जंतूंनी वेषांतर केलेले पेंढारी काढले, जे या प्रथिनाच्या हाताला लागत नाहीत. आणि एक महाभाग तर असा की त्याने लोहच सोडून दिले! लाइम नावाच्या रोगाचा जंतू लोहाऐवजी मँगनीजवर भागवतो, हे २००० साली उजेडात आले.

म्हणजे फक्त लोह लपवून भागत नाही. आपल्याला गळू होते ना, त्याचेच बघा. २००८ मध्ये अमेरिकेतल्या व्हँडरबिल्ट विद्यापीठात एरिक स्कार यांच्या गटाने उंदरांच्या गळवांत कुठे कोणता धातू आहे याचा नकाशाच काढला. आजूबाजूच्या मांसात मँगनीज होते आणि गळवाच्या आत जवळजवळ नाही. हे काम कॅल्प्रोटेक्टिन नावाच्या प्रथिनाचे, ते मँगनीज आणि जस्त दोन्ही पकडून ठेवते. पांढऱ्या पेशींतल्या एका जातीत हे प्रथिन इतके असते की पेशीच्या द्रवातल्या प्रथिनांचा साधारण अर्धा हिस्सा तेच. आपण पू म्हणून नाक मुरडतो, तो या वेढ्यातल्या मेलेल्या शिपायांचा ढीग आहे.

याच्या अगदी उलट डावही शरीर खेळते. शत्रूला उपाशी ठेवता येते, तसे खाऊ घालून मारताही येते. जंतूला गिळणारी मोठी पांढरी पेशी त्याला एका पिशवीत कोंडते. त्या पिशवीतून ती लोह आणि मँगनीज उपसून काढते, आणि तांबे आत ओतते. तांबे पेशीला थोडे लागते, जास्त झाले की विष. २००९ मध्ये मिसुरीच्या संशोधकांनी हा तांब्याचा पंप दाखवला आणि २०११ मध्ये क्षयाच्या जंतूवर जस्ताचा असाच मारा होतो हे फ्रान्समधल्या गटाने दाखवले. तांब्याच्या भांड्यातले पाणी आपण पीत आलो, ती गोष्ट वेगळी. भांड्यातले पाणी प्यायल्याने पेशीतला पंप जोरात चालतो असा अर्थ कोणी काढू नका. फॉरवर्ड होऊन तसले निरोप मला रोज येतात, म्हणून आधीच सांगून ठेवते.

ही लोहबंदी किती मोलाची आहे, हे सांगणारी एक दुःखद घटना २००९ मध्ये शिकागो येथे घडली. प्लेगवर काम करणारा एक संशोधक प्लेगनेच वारला. आपल्या पुण्याने १८९७ मध्ये जो प्लेग भोगला, तोच हा रोग. पण त्याच्या प्रयोगशाळेतला जंतू दुबळा केलेला होता, लोह चोरायचे साधन काढून घेतलेला, म्हणून निर्धोक समजला जाई. मृत्यूनंतर तपासणीत कळले की त्या गृहस्थांना अंगात लोह साठत जाण्याचा आनुवंशिक विकार होता, आणि तो त्यांना स्वतःला ठाऊक नव्हता. ज्या जंतूला चोरी करता येत नव्हती, त्याला बहुधा उघडे कोठारच सापडले.

आता मुख्य गोष्टीकडे येते, कारण ही नुसती गंमत म्हणून सांगायची गोष्ट नाही. १९७५ मध्ये इंडियाना विद्यापीठाच्या यूजीन वाइनबर्ग यांनी एक लेख लिहून या लोहबंदीकडे डॉक्टरांचे लक्ष वेधले. तीन वर्षांनी सोमाली भटक्या लोकांवरचा एक छोटा अभ्यास प्रसिद्ध झाला. लोह कमी असलेल्या सुमारे १४० माणसांपैकी अर्ध्यांना लोह दिले, अर्ध्यांना नुसतीच दिखाऊ गोळी. दिखाऊ गोळीवाल्यांत संसर्गाचे ७ प्रसंग झाले, लोह घेणाऱ्यांत ३६. त्यांत हिवताप होता आणि क्षयही होता. त्रूसोंचे म्हणणे शंभर वर्षांनी आफ्रिकेत असे परत ऐकू आले.

तरी अभ्यास छोटा, म्हणून वाद चालूच राहिला. मग झांझिबारजवळच्या पेम्बा बेटावर सुनील साझावाल या भारतीय शास्त्रज्ञाच्या पुढाकाराने मोठी चाचणी झाली. २४,००० हून अधिक लहान मुले. लोह आणि फॉलिक अ‍ॅसिड मिळालेल्या मुलांत गंभीर आजार होऊन रुग्णालयात दाखल होण्याचे किंवा दगावण्याचे प्रमाण १२ टक्क्यांनी जास्त निघाले. २००३ मध्ये लोहाचा भाग थांबवावा लागला, निष्कर्ष २००६ मध्ये छापून आले. पेम्बा हे हिवतापाचे आगर. त्याच वेळी नेपाळच्या तराईत, जिथे हिवताप फारसा नव्हता, अशीच चाचणी झाली होती. तिथे लोहाने मृत्यू वाढले नाहीत. आणि पेम्बातही ज्या मुलांना तपासून खरोखर लोहाची कमतरता आढळली होती, त्यांना लोहाचा फायदाच झाला. म्हणजे लोह वाईट ठरले असे नाही. कोणाला, कुठे आणि केव्हा, या तीन प्रश्नांशिवाय दिलेले लोह वाईट.

हे सांगताना मला भीती वाटते ती एकाच गोष्टीची. कोणी तरी अर्धे वाचून घरातल्या मुलीच्या गोळ्या बंद करील. तसे करू नका. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत १५ ते ४९ वयाच्या ५७ टक्के बायका रक्तक्षयी आढळल्या, पाच वर्षांखालच्या मुलांत ६७ टक्के. महाराष्ट्रातही निम्म्याहून अधिक बायका. माझ्या नोकरीच्या काळात प्रार्थनेला उभ्या असलेल्या मुली भोवळ येऊन पडत, आठवड्याला एक तरी. त्यांना सावलीत निजवून गुळाचा खडा देणे एवढेच आमच्या हाती होते. त्या मुलींच्या अंगात कोठाराला कुलूप नव्हते, कोठारच रिकामे होते. हा भेद डोळ्यांना दिसत नाही, दोन्हींत चेहरा सारखाच पांढरा. तो तपासूनच कळतो.

आणि उपाशी फक्त शत्रूच राहतो असे नाही, आपले सैन्यही राहते. बिहारमधल्या बक्सरचे डॉ. आनंद प्रसाद १९५८ मध्ये इराणमधल्या शिराझला गेले. तिथे २१ वर्षांचा एक रोगी त्यांच्यापुढे आला, दिसायला दहा वर्षांच्या पोराएवढा. बिनखमिराची रोटी आणि माती हे त्याचे खाणे. असे रोगी पंचविशीच्या पुढे क्वचित जगत, कुठल्या तरी संसर्गाने जात. प्रसादांनी शोध घेतला आणि पुढे इजिप्तमध्ये सिद्ध केले की या लोकांना जस्त मिळत नाही. जस्त नसेल तर लढणाऱ्या पेशीच नीट तयार होत नाहीत. आज लहान मुलाला जुलाब झाले की जलसंजीवनीबरोबर १०-१४ दिवस जस्ताची गोळी देतात. जागतिक आरोग्य संघटना आणि युनिसेफ यांची ही शिफारस २००४ मधली. तिच्यामागे प्रसादांचे काम आहे, आणि दिल्लीच्या वस्तीत साझावाल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी केलेली १९९५ ची चाचणीही.

आमची सूनबाई जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवते. दर आठवड्याला मुलांना लोहाच्या गोळ्या वाटायचे काम तिच्याकडे असते, मोठ्यांना निळी आणि लहानांना गुलाबी. या वाटपाच्या सरकारी सूचनांत एक ओळ आहे: ताप, जुलाब, न्यूमोनिया असे आजारपण चालू असेल तर गोळी तेवढ्यापुरती थांबवावी. थॅलेसेमिया असलेल्या, वरचेवर रक्त द्यावे लागणाऱ्या मुलांना तर ती देऊच नये. सूनबाई म्हणाली, 'आई, मी ही ओळ नियम म्हणून पाळते, का ते कोणी सांगितलं नव्हतं.' मग मी तिला पॅरिसचे त्रूसो, अंड्याचे पांढरे, सोमाली भटके आणि पेम्बाची मुले, सगळे सांगितले. एवढ्याशा ओळीमागे दीडशे वर्षे आहेत.

वाचकांत कोणी डॉक्टर असतील तर त्यांनी माझे कुठे चुकले असल्यास जरूर लिहावे. बाकीच्यांना एवढेच सांगणे. घरात कोणी तापाने फणफणले असेल तर 'अशक्तपणा आलाय' म्हणून स्वतःच्या मनाने रक्तवाढीचे टॉनिक पाजायची घाई करू नका. आधी ताप कशाचा ते बघू द्या. ताप उतरल्यावर रक्त तपासा, आणि कमी असेल तर मग डॉक्टर सांगतील तितके दिवस, मध्येच न सोडता, लोह घ्या. गोळीने शी काळी होते म्हणून घाबरून ती बंद करणाऱ्या आपल्या घरात दोघी-तिघी आहेत. त्यांची नावे मी लिहीत नाही, त्यांचे त्यांना कळेल.